पंच्याण्णव अंश आणि एक कांदा

माझी ही फजिती आजवर आमच्या नात्यागोत्यात फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि ते दोघेही तेव्हा माझ्या शेजारीच उभे होते. आज तुम्हाला सांगते. चहा घ्या, आरामात बसा, आणि एवढंच करा: रामटेकला तुमचं कुणी ओळखीचं असेल तर तिथे यातलं काही बोलू नका. का, ते शेवटी कळेलच.

आधी आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही.

आमच्याकडे नवीन वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट घेतला तेव्हापासून पिशवीत आहे, वर रबरबँड. आवाज वाढवायचं बटण पिशवीसकट झिजलंय, पण रिमोट नवीन आहे. फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म कडेने पिवळी पडली, तरी तिला कुणी नख लावत नाही. सोफ्यावर अजून दुकानातलंच आवरण आहे. मे महिन्यात त्यावर बसलेला पाहुणा उठतो तेव्हा चर्र असा आवाज होतो, आणि आम्ही सगळे तो ऐकलाच नाही असं दाखवतो. आईचं म्हणणं सरळ आहे: प्लास्टिक निघालं की वस्तू जुनी होते. हसू नका. तुमच्या घरातही एक तरी रिमोट पिशवीत असेल.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल. मी फार बोलत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी ते बाकाला सांगते. दुकानात गेले की बाबांच्या मागे उभी राहते. पण वाचते खूप. आणि गेलं वर्षभर मी सगळ्यात जास्त काय वाचलं असेल, तर कॉम्प्युटर कसा जोडतात ते.

त्याला कारण बाबा. बाबा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतात. नागपूरला प्रताप नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली हाच त्यांचा स्टुडिओ. तिथला जुना कॉम्प्युटर आधीच दमलेला होता. लग्नाची फिल्म तयार करायला लावून आम्ही झोपायचो आणि सकाळी उठून ती झाली की नाही ते बघायचो. या मे महिन्यात तो एकदाचा बंद पडला, आणि नेमका पूनमताईच्या लग्नाची फिल्म अर्धी झालेली असताना.

पूनमताई म्हणजे माझी मामेबहीण, रामटेकची. त्याच आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी भंडाऱ्याचे व्याही मामाकडे जेवायला येणार होते आणि जेवणानंतर सगळ्यांनी मिळून फिल्म बघायची ठरली होती. मामाने व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्या भाऊजीचा हात धरणारा नाही कोणी नागपुरात." शुक्रवारी मामा आमच्याकडे येणार आणि फिल्म घेऊनच परत जाणार, असं पक्कं झालेलं. म्हणजे बाबांनी शब्द दिलेला होता. नवीन कॉम्प्युटर घेण्यावाचून इलाज नव्हता.

शुक्रवारी सकाळीच बाबा आणि मी दुकानात गेलो. सगळे सुटे भाग निवडून झाले. दुकानदारकाका म्हणाले, "भाऊ, जोडून ठेवतो. सोमवारी या, घेऊन जा."

सोमवार म्हणजे सगळं संपल्यावर. मी बाबांच्या पाठीमागून म्हटलं, "मी जोडते."

माझा आवाज एवढा बारीक होता की तो पंख्याचा वाटला असता. पण बाबांनी ऐकला. काकांनीही ऐकला. ते हसले नाहीत, पण त्यांनी मान तिरकी केली.

"बेटा, नवीन जनरेशनचा प्रोसेसर आहे हा. जबरदस्त गरम होते. आमची पोरंबी जपून हात लावतात याले."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवर जेवढी माणसं होती त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही पोरगी जोडते. दहावीत गेली आता."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात पणाला लागलं ते हेच वाक्य.

आता थोडं त्या गरम होण्याबद्दल. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. काम केलं की तो तापतो. पूर्वी तो ऐंशी अंशांच्या वर गेला की लोक घाबरायचे. नव्या पिढीच्या प्रोसेसरचं तसं नाही. यांतले बरेच जड काम मिळालं की स्वतःच वेग वाढवत थेट पंच्याण्णव अंशांपर्यंत जातात आणि तिथे टिकून राहतात. ते तसेच बनवलेले असतात. कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे प्रोसेसरला पळवणं, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ते पूर्वी हौशी लोक करायचे. आता प्रोसेसर आपला आपणच जवळजवळ तेवढा पळतो, त्यामुळे वर करायला फार काही उरत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. अर्धवट ज्ञान वाईट असं लोक म्हणतात. माझं अर्धवट नव्हतं, चांगलं पूर्ण होतं. पूर्ण ज्ञान किती वाईट असतं ते आता बघा.

घरी आल्यावर मी हात धुतले, कोरडे केले आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून खिडकीच्या गजांना हात लावला. प्रोसेसर त्याच्या जागी बसवला. त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे पोहोचवते. मग तो पंखा. त्याच्याखाली धातूच्या पात्या असतात आणि तळाला तांब्याची गुळगुळीत चकती, अगदी आरशासारखी. तिच्यात मला माझं नाक दिसलं. एवढी सुंदर वस्तू मी आधी हातात घेतली नव्हती. तिच्यावर साधा ओरखडाही येऊ नये म्हणून मी श्वास रोखून ती बसवली. चारही स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे आवळले.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं आली.

आईने कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याला, हळदकुंकू लावलं. बाबांनी लगेच मामाला फोन केला. "गौरीनं जोडला. हाव, तिनंच. मी तं स्क्रू धरून उभा होतो."

मग जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क यात लावून फिल्म तयार करायला लावली. तापमान दाखवणारा आकडा सरसर चढला आणि पंच्याण्णववर जाऊन थांबला.

"गौरी," बाबा म्हणाले, "हे पंच्याण्णव काहून दाखवून राहिलं?"

"असंच असतं बाबा. नव्या पिढीचे असेच असतात."

"पक्कं?"

"कंपनीच म्हणते."

बाबांनी मान डोलावली आणि ते जेवायला गेले. मीही निवांत होते. आकडा पंच्याण्णव यायला हवा होता, पंच्याण्णव आला होता. परीक्षेत उत्तर जुळल्यावर वाटतं तसं वाटलं मला.

जेवून आलो तर फिल्म जवळजवळ तिथेच. उरलेला वेळ दाखवणारा आकडा कमी होण्याऐवजी वाढला होता.

"हा तं उलटा चालून राहिला," बाबा म्हणाले.

मी विचार केला. तापमान बरोबर आहे. म्हणजे दोष तापमानाचा नाही. म्हणजे प्रोसेसर आळशीपणा करतोय, त्याला थोडा धक्का द्यायला हवा. म्हणून मी काय केलं असेल? ओव्हरक्लॉकिंग. आधीच धापा टाकणाऱ्याला मी आणखी पळायला सांगितलं. सेटिंगमध्ये जाऊन वेग एक पायरी चढवला, सगळं जपून ठेवलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. तो सुरू झाला, फिल्मला हात लावला आणि बंद पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद.

वेग होता तिथे परत आणून ठेवला. मग तो चालू राहिला, पण तसाच रखडत.

एवढ्यात दारात मामा. खांद्यावर तांदळाचं पोतं, डोक्याला दुपट्टा, तोंड उन्हाने लालबुंद. पोतं खाली ठेवून त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"झाली का फिल्म?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. "काय वं गौरी, तोंड काहून उतरलं तुहं?"

"तिच्या कम्प्युटरची तब्येत बरी नाही," आई म्हणाली. "पंच्याण्णव आहे म्हणते टेंपरेचर. मी म्हटलं, मंग तं ताप नाहीच. ताप असते अठ्ठ्याण्णवच्या पुढं. पंच्याण्णव म्हणजे अंग गार पडून राहिलं त्याचं. काही पांघरून द्या त्याले."

"आई, हे सेल्सिअस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बातम्यांमध्ये उन्हाचं सांगतात ना, ते."

मामा खुर्चीत बसता बसता थांबला. "बाहेर आज पंचेचाळीस आहे. म्हणजे दोन नागपूर एकावर एक ठेवले तरी पुरत नाही?"

"हो, पण ते चालतं त्याला."

"तुले कोणं सांगितलं?"

"कंपनीने."

"कंपनीच्या बापाचं काय जाते," मामा म्हणाला. "माह्या शेतातली मोटर तापली की मी तिच्यावर ओलं पोतं टाकतो. पोतं आहे ना घरात?"

"भाऊ, ओलं नाही टाकता येत," बाबा म्हणाले. "करंट आहे याच्यात."

"मंग मोटरमंधी काय ताक आहे?"

यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. शेवटी आईनेच पोतं नाकारलं, कारण नवीन वस्तूला डाग पडला असता.

मग मामाने पायजम्याच्या खिशात हात घातला आणि एक कांदा बाहेर काढला. उन्हाळ्यात मामा कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाही. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

"रामटेकपासून आला हा माह्यासंग," तो म्हणाला. "बसमंधी दोघाले चक्कर आली, मले नाही. कुठं ठेवू?"

नव्या पिढीच्या प्रोसेसरवर वर्षभर वाचन केलेल्या मुलीने इथे काय करायला हवं होतं? समजावून सांगायला हवं होतं. मी बोट दाखवलं. कॅबिनेटची बाजू उघडीच होती. मामाने खाली वाकून कांदा आत तळाला ठेवला, देवापुढे सुपारी ठेवावी तसा.

आम्ही चौघांनी पडद्याकडे पाहिलं. पंच्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव.

"पाहा," मामा म्हणाला.

पंच्याण्णव.

"त्याले येळ लागते."

कांद्याला मदत म्हणून बाबांनी बेडरूममधला कूलर ओढत स्टुडिओत आणला आणि त्याचं तोंड कॅबिनेटकडे केलं. खोलीत वाळ्याचा वास पसरला. दमट हवेने टेबलावरच्या अल्बमची पानं पुऱ्यांसारखी फुगली. मॉनिटर ओलसर झाला, तो पुसावा लागला. आकडा जागचा हलला नाही. कूलरचा फायदा झाला तो एकट्या मामाला. तो तिथेच सतरंजीवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

शनिवारी सकाळीही तेच. बाबा चहाचा कप हातात धरून बराच वेळ पडद्यासमोर बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "राहू दे गौरी. दुकानात नेऊ. त्यांच्याकडूनच जोडून घेऊ परत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. "माही पोरगी जोडते" हे वाक्य त्यांनी घडी करून ठेवून दिल्यासारखं मला वाटलं.

मी आंघोळ करताना सगळं पुन्हा मनात तपासलं. हात धुतले होते. पेस्ट वाटाण्याएवढी होती. स्क्रू तिरपे आवळले होते. ओरखडा नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. मी काहीच चुकले नव्हते. मी चुकले नाही, तर प्रोसेसरच खराब. भूमितीत याला सिद्धता म्हणतात. आणि हे मी दुकानात स्वतः सांगायचं ठरवलं. मोठ्याने. बाबांच्या पुढे उभं राहून.

मामा झोपलेलाच होता. त्याला तसंच कूलरसमोर ठेवून आम्ही निघालो. बाबा स्कूटरवर पुढे, आई आणि मी ऑटोत. आईने कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, एक हात खाली, एक हात वरून. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "ताई, कोणत्या दवाखान्यात?"

"कम्प्युटरच्या दुकानात," आई म्हणाली.

त्यानंतर त्याने एकूणएक खड्डा चुकवला.

शनिवार असल्याने दुकानात गर्दी. कॉलेजची तीन-चार मुलं, एक काकू प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या. दुकानदारकाकांनी आम्हाला ओळखलं. "काय भाऊ, झालं का जोडून?"

बाबा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "काका, तुमचा प्रोसेसर खराब आहे."

माझा आवाज एवढा मोठा असतो हे मलाच माहीत नव्हतं. सगळे वळले. बाबाही वळले. आता मागे फिरता येत नव्हतं.

"खराब?" काका म्हणाले. "गरम होऊन राहिला असेल. सांगितलं होतं मी."

"गरम होतो म्हणून नाही म्हणत. पंच्याण्णववर चालणं त्याच्यासाठी नॉर्मल आहे, ते मला माहीत आहे. पण काम काढून घेतलं तरी तो सत्तरच्या खाली येत नाही. आणि काम दिलं की पंच्याण्णववर जाऊन वेग वाढवायच्या ऐवजी अर्ध्यावर आणतो. हे नॉर्मल नाही."

काकांनी हातातलं बिल खाली ठेवलं. "पंखा बरोबर बसवला?"

"हो."

"पेस्ट?"

"वाटाण्याएवढी. मधोमध."

"स्क्रू?"

"तिरपे. आधी सैल, मग घट्ट. एका दमात नाही."

कॉलेजच्या मुलांपैकी एक जण म्हणाला, "बराबर बोलून राहिली यार."

बाबांची पाठ सरळ झाली. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी तिथे थांबायला हवं होतं, पण थांबले नाही.

"गिऱ्हाईक लहान दिसलं म्हणून त्याला काही कळत नाही असं समजू नये काका," मी म्हटलं. "तुम्ही उघडून बघा. आणि बदलून द्या."

शाई घ्यायला आलेल्या काकूंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चार अनोळखी माणसांसमोर एवढं बोलले होते, आणि लोक ऐकत होते.

काकांनी चादर सोडली. कॅबिनेट आडवं केलं. बाजूचं झाकण काढलं. आतून काहीतरी गडगडत कडेला आलं. काकांनी दोन बोटांनी ते बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"हे काय?"

"कांदा," बाबा म्हणाले.

"ते दिसून राहिलं मले."

"माह्या भावाचा आहे तो," आई म्हणाली. "जपून ठेवा, वापस न्यायचा आहे."

काकांनी कांदा काउंटरवर, बिलाच्या कागदावर ठेवला. मग पंख्याचे चार स्क्रू काढले, तेही तिरपे, आणि पंखा हळूच फिरवून वर उचलला. पच्च असा आवाज झाला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते चूक कबूल करणार.

तेवढ्यात आई काउंटरवर वाकली.

"पाहा भाऊ," ती अभिमानाने म्हणाली, "किती जपून वापरली पोरीनं वस्तू. खालचं प्लास्टिकबी काढलं नाही."

मला तेव्हा काय वाटलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्या तांब्याच्या आरशावर पातळ पारदर्शक फिल्म होती. तिच्यावर पेस्ट चेपून पसरली होती. आणि पेस्टच्या बाहेर, कोपऱ्यात, लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, की बसवण्याआधी ही फिल्म काढून टाका. उष्णता वर जाणार कशी? मी मध्ये रेनकोट घातला होता.

आणि आता खरं सांगते. ते वाक्य मी वाचलं होतं. जोडताना, नीट, अर्थासकट वाचलं होतं. पण तेच वाक्य आमच्या फ्रिजवर आहे. टीव्हीवर आहे. मिक्सरवर आहे. आमच्या घरात ते कुणी वाचत नाही असं नाही. वाचतात, आणि ते दुसऱ्या लोकांसाठी लिहिलंय असं समजतात. फिल्मच्या एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा होता. तो मी नखाने दाबून काढला होता, म्हणजे ती निघून येणार नाही.

कॉलेजचा तो मुलगा हसायला लागला. "बराबर बोलून राहिली" म्हणणारा तोच. प्रिंटरवाल्या काकूंना काही कळलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "मग बदलून द्या ना पोरीला."

दुकानदारकाका हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. ते आईला म्हणाले, "वहिनी, वस्तू तं लय जपली पोरीनं. पण हे एवढं काढा लागते." त्यांनी फिल्म ओढली, चर्र, अगदी आमच्या सोफ्यासारखा आवाज करत. मग सगळं पुसून स्वच्छ केलं आणि पेस्टची नळी बाबांसमोर धरली. "लावून देऊ?"

मी जमिनीकडे पाहत होते. मला बाबांचे बूट दिसत होते आणि शेजारी माझ्या चपला. बूट एक पाऊल मागे सरकले.

"तिलेच द्या," बाबा म्हणाले. "पोरगी जोडते माही."

मी पेस्ट लावली. पंखा बसवला. स्क्रू पुन्हा तिरपेच आवळले. काकांनी त्यांच्या मॉनिटरला जोडून बघितलं. रिकामा असताना चाळीसच्या आसपास. भरपूर काम देऊन ताणला, तेव्हा ऐंशीच्या थोडा पुढे गेला आणि दमदार पळत राहिला. पंच्याण्णवला शिवलासुद्धा नाही. म्हणजे माझ्या प्रोसेसरला तो आकडा गाठायची गरजच नव्हती. पाठांतर सगळं बरोबर, आणि उपयोग शून्य.

निघताना आईने ती फिल्म काकांकडून मागून घेतली. "कुठं लावता येईल पुढं," ती म्हणाली, आणि कांद्यासोबत पर्समध्ये ठेवली.

घराच्या फाटकाशी बाबांनी स्कूटर लावली आणि आमच्या ऑटोतून कॅबिनेट उतरवून घेताना ते मला हळूच म्हणाले, "ते 'गिऱ्हाईक लहान दिसलं म्हणून' वगैरे कुठून शिकली तू?"

"माहीत नाही."

"चांगलं बोलली," ते म्हणाले, आणि कॅबिनेट धरून पायऱ्या चढले. त्यांचे खांदे हलत होते. ओझ्यामुळे नाही.

आत जाताच आईने पहिलं काम काय केलं, तर कांदा परत कॅबिनेटमध्ये ठेवला. मामाने विचारलं असतं ना, कांदा कुठे म्हणून.

मामा चहा पीत बसला होता. फिल्म लावली, आणि ती मामाचं जेवण व्हायच्या आत तयार झाली. बाबांनी चालवून दाखवली. पूनमताईची वरात, हळद, रुखवत. रुखवतात मांडलेला नवा कोरा फ्रिज आणि सोफा, दोन्ही प्लास्टिकमध्ये. मी त्या दृश्याकडे पाहिलं नाही.

"कसं झालं मंग?" मामाने विचारलं. "ताप उतरला त्याचा?"

"उतरला," बाबा म्हणाले.

"काय केलं दुकानात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. मग आईच म्हणाली, "काही नाही दादा. उघडून पाहिलं, अन् मशीन चांगली आहे म्हणे."

ती खोटं बोलली नव्हती. मामा उठला, कॅबिनेटपाशी वाकला आणि कांदा बाहेर काढला. वरची सालं वाळून कुरकुरीत झाली होती, आणि एका बाजूने तो मऊ पडला होता. मामाने तो आम्हाला फिरवून फिरवून दाखवला.

"पाहा. सगळी गर्मी यानं ओढली."

खरं सांगायला इथे एक वाक्य पुरलं असतं. फक्त त्या वाक्यात प्लास्टिक हा शब्द आला असता. मी मामासाठी पाणी आणायला आत गेले.

रविवारी रात्री रामटेकहून फोन आला. फिल्म सगळ्यांना आवडली होती. पण त्याआधी मामाने व्याह्यांना जेवता जेवता दुसरीच गोष्ट सांगितली होती: भाचीने स्वतः कॉम्प्युटर जोडला, त्याला दोन नागपूरएवढा ताप चढला, आणि कांद्याने कसा उतरवला. कंपनीलासुद्धा माहीत नव्हतं, असं तो म्हणाला म्हणे. आता भंडाऱ्याच्या व्याहीकाकांचा फोन चार्जिंगला लावला की तापतो, आणि त्यांना थोडी माहिती हवी होती. नव्या पिढीचं त्यांना फारसं कळत नाही, म्हणून जाणकाराशी बोलायचं होतं.

आईने फोन माझ्या हातात दिला. "घे वं. तुले विचारून राहिले."

"बेटा," पलीकडून व्याहीकाका म्हणाले, "कांदा पांढरा घ्यायचा की लाल?"

बाबा दारात उभे होते. मला खरं सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं. पण तुम्हाला आधीच सांगितलंय, मी फार बोलत नाही.

"कोणताही चालेल, काका," मी हळूच म्हटलं. "फक्त ठेवायच्या आधी साल काढून घ्या."